औषधशास्त्र आणि औषधनियमन : प्रस्तावना

परिचर्या, औषधनिर्माण किंवा वैद्यक यांपैकी कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यासमोर दोन विषय निरनिराळ्या तासांना, निरनिराळ्या पुस्तकांतून आणि बहुधा निरनिराळ्या शिक्षकांच्या मुखातून येतात : एक औषधशास्त्र, म्हणजे आपले विद्यार्थी ज्याला फार्माकॉलॉजी म्हणतात ते, ज्यात औषध शरीरात कोठे जाते, तेथे काय करते आणि कोणत्या वाटेने बाहेर पडते याचा विचार असतो, आणि दुसरा औषधविषयक कायदा, ज्यात कलमे, अनुसूची, परवाने आणि शिक्षा यांची लांबलचक यादी असते. पहिला विषय कुतूहलाने वाचला जातो, दुसरा परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केला जातो आणि परीक्षा संपताच विसरला जातो. ही फाळणी मला आपल्या आरोग्यशिक्षणातील फार मोठी उणीव वाटते. कारण औषधविषयक कायद्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची तरतूद कोणत्या ना कोणत्या औषधक्रियेच्या ज्ञानातून, आणि पुष्कळदा ते ज्ञान हाताशी असूनही वेळेवर न वापरल्यामुळे ओढवलेल्या मृत्यूंतून, जन्माला आलेली आहे. प्रस्तुत ग्रंथ या दोन विषयांना एकाच शास्त्राचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध मानतो. या विद्येचा विस्तार केवढा, ती कोणकोणत्या वळणांनी येथवर आली आणि आज तिची निकड का आहे, एवढे नवागत वाचकापुढे मांडण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

औषधाचा विचार मनुष्याने आरंभी गुणांवरून केला. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांतून जे द्रव्यगुणविज्ञान सिद्ध झाले, त्यात द्रव्याची परीक्षा रस, गुण, वीर्य आणि विपाक या चार अंगांनी करीत, आणि ही चारही अंगे समान असूनही दोन द्रव्यांची कर्मे भिन्न आढळली, तर त्या भेदासाठी ‘प्रभाव’ हे पाचवे अंग मानीत. ज्याची उपपत्ती आपल्या चौकटीत बसत नाही, त्याची स्वतंत्र नोंद करून ठेवण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. पुढे सोळाव्या शतकात गोव्यात दीर्घकाळ वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातील वनौषधी आणि द्रव्ये यांच्यावरील आपला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला, आणि पूर्वेकडील औषधांची प्रत्यक्ष पाहून केलेली वर्णने युरोपला मिळाली. तरीही हे सर्व ज्ञान पाने, मुळ्या, साली आणि बिया यांचे होते. आणि एकाच झाडाची साल एका ऋतूत कडक, दुसऱ्या ऋतूत सौम्य निघे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये डिजिटॅलिसवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा पानांच्या चूर्णाची मात्रा किती आणि ती कोठे थांबवावी, यासाठी त्याला मळमळ, मंदावलेली नाडी अशा रुग्णाच्या लक्षणांवरच विसंबावे लागले होते.

ही परिस्थिती पालटली ती शुद्ध द्रव्ये हाती येऊ लागल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सेर्टुर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले, आणि १८२० मध्ये पेल्तिए व काव्हाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले. स्फटिकरूप द्रव्य तराजूत घालून मोजता येते, दोन कुप्यांतील माल एकच आहे की नाही हे ठरवता येते आणि त्यात भेसळ असेल तर ती पकडता येते. म्हणजे प्रमाण बसवण्याची, आणि म्हणून नियमनाची, शक्यताच मुळी येथे निर्माण झाली. १८४७ च्या सुमारास रूडोल्फ बुखहाइम याने डोर्पाट येथे या विषयाची पहिली प्रयोगशाळा उभी केली. त्याचा शिष्य ओसवाल्ड श्मीडेबेर्ग याने स्ट्रासबर्ग येथे ती परंपरा एवढी वाढवली की पुढच्या पिढीतील अनेक देशांचे औषधशास्त्राचे आचार्य त्याच्याच हाताखाली तयार झाले. औषधांची वर्णने रचणारी जुनी विद्या मागे पडली, आणि औषध कोणत्या इंद्रियावर, कोणत्या यंत्रणेने काम करते हा प्रश्न पुढे आला.

त्या प्रश्नाला सर्वांत फलदायी उत्तर ग्राहीच्या, म्हणजे रिसेप्टरच्या, कल्पनेने दिले. केंब्रिजच्या लँगली याने १९०५ मध्ये निकोटीन आणि क्युरारे यांचे स्नायूंवरील प्रयोग करून असा निष्कर्ष काढला की पेशीत एखादे ग्रहणशील द्रव्य असले पाहिजे, ज्याला ही दोन्ही रसायने चिकटतात आणि ज्याच्यासाठी ती परस्परांशी स्पर्धा करतात. त्याच सुमारास जर्मनीत पाउल एर्लिख निराळ्या वाटेने त्याच विचाराकडे आला, आणि जंतूला मारील पण यजमानाला सोडील अशा रसायनाच्या शोधातून त्याने उपदंशावरचे साल्व्हरसान काढले. ए. जे. क्लार्क याने या कल्पनेला गणिताची शिस्त लावली. काही औषधे ग्राहीवर बसून त्याला जागे करतात, काही नुसतीच जागा अडवतात, काही अर्धवट जागे करतात, हे एकदा ध्यानात आले की शेकडो औषधांची पाठांतराची यादी अर्थपूर्ण कुळांत लागते. आणि जेम्स ब्लॅक यांनी हृदयातील बीटा ग्राही अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हेतुपुरस्सर घडवले, तेव्हा ही कल्पना नवी औषधे निर्माण करण्याचे साधन झाली.

या विचारसरणीचे सामर्थ्य समजून घेण्यासाठी विद्यार्थ्याने दूर जाण्याचे कारण नाही. कोकणातील तांबडा विंचू चावला म्हणजे त्याच्या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्याच राहतात आणि शरीरात कॅटेकोलामाइन्सचा प्रचंड लोंढा उसळतो. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरून, बहुधा लहान मूल, काही तासांत दगावते. महाडच्या परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ही साखळी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून जोडली, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे, अल्फा ग्राही अडवणारे प्राझोसीन हे स्वस्त औषध या मुलांना देण्यास आरंभ केला. विषाने ज्या ग्राहींवर आघात चालवला होता, तेच ग्राही या औषधाने झाकले जात होते. मृत्यूंचे प्रमाण उतरले, निष्कर्ष लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे विंचूविषावरील प्रतिविष व प्राझोसीन यांच्या एकत्रित वापराची रीतसर तुलनाही महाडलाच झाली. नवा रेणू येथे कोणी शोधला नाही. जुन्या औषधाची क्रिया ज्याला खरोखर कळली होती त्याने ती योग्य ठिकाणी योजली, एवढेच. आणि औषधशास्त्र शिकण्याचे याहून चांगले प्रयोजन मला सांगता येणार नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम मांडला. पुढे तीतून वेगळ्या काढलेल्या रेसर्पिनने काही रुग्णांना खोल विषण्णता येते असे दिसले, आणि त्या दुष्परिणामाच्या अभ्यासाने मेंदूतील रसायनांविषयीच्या आपल्या ज्ञानात भर घातली. प्रत्येक औषधाचे दोन्ही हात पाहावे लागतात ते असे.

औषध शरीराला काय करते हा झाला अर्धा भाग. शरीर औषधाचे काय करते हा दुसरा. शोषण, वितरण, रूपांतर आणि उत्सर्जन या चार पायऱ्यांचा हा विचार विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो, पण वॉर्डातील बहुतेक चुका याच पायऱ्यांवर होतात. नायट्रोग्लिसरीनची गोळी जिभेखाली का ठेवायची, तर गिळली असता यकृतातून जाताना तिचा बहुतेक अंश नष्ट होतो म्हणून. नवजात बालकाच्या यकृतात क्लोरॅम्फेनिकॉलचे रूपांतर करणारी यंत्रणा पुरती सिद्ध झालेली नसते, आणि म्हणूनच १९५९ च्या सुमारास प्रौढांच्या हिशेबाने दिलेल्या मात्रेने बालके राखाडी पडून मरताना दिसली. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना असे चेतवते की त्याच स्त्रीने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होऊ शकतात, ही गोष्ट औषध हाती देणाऱ्या परिचारिकेने सांगितली नाही तर दुसरे कोणी सांगेलच असे नाही. आणि इन्शुलिनचे उदाहरण तर शास्त्र व प्रमाण यांच्या नेमक्या संगमावरचे आहे : आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० एकके असलेल्या कुप्याही मिळतात आणि १०० एकके असलेल्याही, आणि दोहोंसाठी सिरिंजा निरनिराळ्या असतात, १०० च्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजमध्ये खुणेबरहुकूम ओढले तर रुग्णाला अडीचपट इन्शुलिन जाते. पेशीवरील इन्शुलिनची क्रिया उत्तम पाठ असलेला विद्यार्थी सिरिंजवरचा आकडा वाचावयास चुकला, तर त्याची विद्या रुग्णाच्या काहीही कामी येत नाही.

तिसरा प्रवाह आहे तो पुराव्याचा. औषध गुणकारी आहे असे दहा नामांकित वैद्यांनी म्हटले म्हणजे ते गुणकारी ठरत नाही, हे मान्य व्हावयास विसावे शतक अर्धे उलटावे लागले. १९४८ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची, रुग्णांची यादृच्छिक वाटणी करून घेतलेली चाचणी प्रसिद्ध केली, आणि तिच्यामागील संख्याशास्त्रीय दृष्टी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची होती. दहा-अकरा वर्षांतच मद्रास येथील क्षयोपचार केंद्राने त्याच पद्धतीने दाखवून दिले की दरिद्री वस्तीतील घरी राहून औषध घेणारा रुग्ण आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होतो. या एका चाचणीने जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली, आणि ती भारतात झाली होती, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कोणी सांगते?

आता कायद्याकडे वळतो. आणि येथे थोडे थांबून लिहिणे मला आवश्यक वाटते.

कायद्याच्या आधीचे, लसीच्या क्षेत्रातील एक प्रकरण मुंबईशी निगडित आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली, आणि परळच्या प्रयोगशाळेतून ती हिंदुस्थानभर जाऊ लागली. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. ती सर्व ‘५३-एन’ या एकाच क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेली होती. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले, आणि दूषितीकरण प्रयोगशाळेत नव्हे तर गावात बाटली उघडताना झाले असावे असे सिद्ध होऊन त्यांच्यावरचा ठपका निघावयास १९०७ साल उजाडावे लागले. औषधाच्या प्रत्येक वेष्टनावर छापलेला बॅच क्रमांक ज्यांना निरर्थक कारकुनी वाटते, त्यांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे : बाटलीला क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून टोचले याचे दप्तर होते, म्हणूनच तपास लागू शकला.

हिंदुस्थानातील औषधांचा बाजार त्या काळी जवळजवळ निर्बंध होता. अफू आणि विषे यांच्यासाठी स्वतंत्र कायदे होते. परंतु हिवतापाने पछाडलेल्या मुलखात क्विनीनच्या नावाखाली निकस किंवा बनावट माल विकला जात असता त्याला आळा घालणारा सर्वंकष कायदा नव्हता. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने पुढील वर्षी अहवाल दिला, आणि त्यातूनच अखेर १९४० चा औषध कायदा व १९४५ चे नियम निर्माण झाले. औषधे हा विषय तेव्हाच्या घटनेप्रमाणे प्रांतांच्या अखत्यारीतला असल्यामुळे प्रांतिक विधिमंडळांनी ठराव करून मध्यवर्ती विधिमंडळास या बाबतीत कायदा करण्याचा अधिकार दिला होता. आणि आजही नव्या औषधाला मान्यता केंद्राने द्यावयाची, परंतु कारखान्याचा आणि दुकानाचा परवाना मुख्यतः राज्याच्या प्रशासनाने द्यावयाचा, अशी जी द्विदल व्यवस्था आहे, तिचे मूळ या इतिहासात आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषध देणाऱ्याची पात्रता ठरवली, १९५४ च्या कायद्याने चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना लगाम घातला, १९५५ मध्ये स्वतंत्र भारताची पहिली फार्माकोपिया, म्हणजे औषधांची अधिकृत प्रमाणसंहिता, निघाली, आणि १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश होऊन मूळ कायद्यास आजचे नाव मिळाले.

या कायद्याच्या अनुसूचींना विद्यार्थी फार भितात. वास्तविक प्रत्येक अनुसूची हा औषधशास्त्राच्या एखाद्या प्रश्नाला दिलेला प्रशासकीय जबाब आहे. शेड्यूल एच मधील औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून का देऊ नये, शेड्यूल एक्स मधील औषधासाठी चिठ्ठीच्या दोन प्रती का लागतात, शेड्यूल एम मध्ये कारखान्यातील हवा, पाणी, भांडी आणि नोंदवह्या यांच्याबद्दल एवढा तपशील कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात नसतात. ती व्यसनजनकतेच्या, उपचारमर्यादेच्या आणि जंतुदूषणाच्या प्रकरणांत असतात. २०१४ पासून अमलात आलेल्या शेड्यूल एच १ मधील प्रतिजैविकांची विक्री स्वतंत्र वहीत नोंदून ती वही तीन वर्षे जपण्याचा औषधविक्रेत्यावर जो दंडक आहे, तो जंतूंच्या प्रतिकारशक्तीचे प्रकरण वाचलेल्या माणसाला जाच वाटणार नाही. निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतो : एक दुकानदाराला, एक शासकीय विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी आणि एक उत्पादकाला. विज्ञानाचा निष्कर्ष न्यायासनापुढे टिकावा म्हणून केलेली ही तजवीज आहे, आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्याने ती समजून घेतली नाही तर त्याचे अचूक विश्लेषणही खटल्यात वाया जाऊ शकते.

मृत्यूंतून कायदा जन्मण्याचा हा क्रम परदेशांतही दिसतो. अमेरिकेत १९३७ मध्ये सल्फानिलामाइड हे त्या काळचे नवे गुणकारी औषध मुलांना गोड द्रवरूपात देता यावे म्हणून एका कंपनीने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवले. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारीपणा पाहिला नाही, कारण तो पाहावा असे कायदा सांगत नव्हता. शंभराहून अधिक माणसे, त्यांत पुष्कळ मुले, मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. सरकारला तो माल जप्त करता आला तोही एका आडवाटेने : ‘एलिक्झिर’ म्हटलेल्या औषधात अल्कोहोल असले पाहिजे आणि यात ते नव्हते, म्हणून नाव खोटे, एवढाच काय तो आधार. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, विक्रीपूर्वी सुरक्षितता दाखवलीच पाहिजे असा कायदा तेथे झाला. पुढे १९५७ पासून युरोपात गर्भवती स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइडने हजारो मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्मली, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा आहे म्हणून त्या औषधाचा अर्ज अडवून धरला होता, तेव्हा १९६२ च्या दुरुस्तीने सुरक्षिततेच्या जोडीला गुणकारकतेचा पुरावाही अनिवार्य केला. आपल्याकडे औषधचाचण्यांविषयीचे शेड्यूल वाय १९८८ मध्ये आले आणि २०१९ च्या नियमांनी चाचण्यांची व्यवस्था नव्याने बांधली गेली.

परंतु डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रकरण १९३७ मध्ये संपले नाही, आणि या ग्रंथाच्या लेखनामागील सर्वांत मोठी तळमळ येथेच आहे. ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल ही द्रावके औषधी दर्जाची महाग, आणि त्यांच्यासारखेच दिसणारे, गोडसर चवीचे हे औद्योगिक रसायन स्वस्त. शरीरात गेल्यावर यकृतातील विकरे त्याचे जे रूपांतर करतात त्यातून निघणारे आम्ल मूत्रपिंडाच्या नलिकांतील पेशी मारते. १९७२ मध्ये मद्रासला याने मुले मेली. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमधून चौदा रुग्ण गेले, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदी, परवाने आणि तपासणी यांतील गफलतींचे अत्यंत सविस्तर दर्शन घडवले. महाराष्ट्रातील प्रत्येक आरोग्यविद्यार्थ्याला हे प्रकरण शिकवले गेले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. १९९८ मध्ये गुडगाव, २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर, २०२२ मध्ये भारतीय बनावटीच्या सिरपांमुळे गांबिया, आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा, जेथील अनेक मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली आणि त्यांतील कित्येकांचा तेथेच अंत झाला. छिंदवाड्यास दिलेल्या खोकल्याच्या सिरपात तामिळनाडूच्या शासकीय प्रयोगशाळेला ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. फार्माकोपियाची मर्यादा ०.१ टक्का आहे. शिवाय त्या सिरपातील क्लोरफेनिरामीन व फेनिलेफ्रीन यांचा संयोग चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढलेला होता.

या घटनांत अज्ञात असे काहीही नव्हते. विष माहीत होते, त्याची क्रिया माहीत होती, त्याची चाचणी फार्माकोपियात लिहिलेली होती. पिंप येताच त्यातील द्रावकाचा नमुना तपासावयाचा, सिरप भरल्यावर पुन्हा तपासावयाचा, दोन्ही नोंदी सहीनिशी दप्तरात ठेवावयाच्या, आणि लहान मुलाचे मूत्र अकस्मात बंद झाले तर पहिल्याच रुग्णापासून औषधाचा संशय घेऊन कळवावयाचे. या चार ठिकाणी चार माणसे असतात, आणि ती बहुधा आपलेच माजी विद्यार्थी असतात.

औषधनियमनासंबंधी विचारवंतांत दोन पक्ष पूर्वीपासून आहेत. एकाचा भर दंडावर : १९८२ च्या दुरुस्तीने बनावट आणि भेसळीच्या औषधांच्या स्वतंत्र व्याख्या आल्या, डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने २००३ मध्ये कडक शिक्षेची शिफारस केली, आणि २००८ च्या दुरुस्तीनुसार बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. दुसऱ्याचा भर प्रतिबंधावर : निरीक्षक पुरेसे असावेत, प्रयोगशाळा त्वरित अहवाल देणाऱ्या असाव्यात, राज्याराज्यांतील परवान्यांचे निकष समान असावेत, याच माशेलकर समितीने केंद्रीय प्राधिकरणाचीही शिफारस केली होती, हे पहिल्या पक्षाचे लोक सहसा विसरतात. माझा कौल निःसंशय दुसऱ्या पक्षाला आहे. शिक्षा मृत्यूनंतर होते, तपासणी मृत्यूच्या आधी. तिसरा, किमतीचा पक्षही दुर्लक्षिता येत नाही : १९७५ च्या हाथी समितीपासून १९९७ मध्ये स्थापन झालेल्या किंमत प्राधिकरणापर्यंत स्वस्त औषधाचा जो ध्यास आपण घेतला तो योग्यच होता, पण स्वस्ताईचा भार कच्च्या मालाच्या तपासणीवर पडू लागला तर गरिबाला स्वस्त मिळते ते औषध राहत नाही.

बाजारात आल्यावरही औषधाची परीक्षा चालूच राहते. २०१० मध्ये सुरू झालेला आणि पुढील वर्षापासून गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे सोपवलेला औषधदक्षता कार्यक्रम याच कामासाठी आहे, आणि संशयित दुष्परिणाम कळवण्याचा अधिकार केवळ तज्ज्ञ डॉक्टरला नसून परिचारिकेला, फार्मासिस्टला आणि रुग्णालाही आहे. औषधाचा प्रवास कोठवर जातो याचे एक उदाहरण येथे देण्याचा मोह होतो : गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची प्रेते खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन भारतभर नामशेष होण्याच्या बेताला आली, २००६ मध्ये त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला, आणि मनुष्यांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या म्हणून २०१५ मध्ये त्या कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर मर्यादित करावा लागला. कुपीच्या आकाराचा हा हुकूम कोणी नुसता वाचला तर त्याला त्याचा अर्थ कधीच लागणार नाही.

प्रस्तुत ग्रंथाची रचना या दृष्टीतून झाली आहे. प्रत्येक औषधकुळाच्या प्रकरणात त्याची क्रिया, शरीरातील प्रवास आणि दुष्परिणाम यांच्याच शेजारी त्याची अनुसूची, साठवणुकीची अट, वेष्टनावरील इशारा आणि त्या इशाऱ्यामागील इतिहास दिला आहे. कायद्याचे स्वतंत्र प्रकरण मुद्दाम टाळले आहे. तांत्रिक संज्ञा वॉर्डात आणि दुकानात जशा बोलल्या जातात तशाच राखल्या आहेत, कारण तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मुलीला हा ग्रंथ हातात घेऊन काम करता आले पाहिजे. विशेषज्ञांसाठी हा नाही. सातोसकर आणि भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या पाठ्यग्रंथांकडे वळण्यापूर्वी पाया घालणे एवढीच त्याची आकांक्षा आहे.

मात्र एका मर्यादेची जाणीव अध्यापकांनी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी द्यावी. औषधांच्या अनुसूची, बंदी घातलेले संयोग आणि फार्माकोपियाच्या आवृत्त्या सतत बदलत असतात; २०१६ मध्ये एकाच दिवशी ३४४ संयोगांवर बंदी आली होती, आणि कारखान्यांसाठीचे शेड्यूल एमही २०२३ च्या अखेरीस नव्याने अधिसूचित झाले. म्हणून येथे दिलेला कोणताही आकडा किंवा अनुसूचीचे अक्षर प्रत्यक्ष कामात वापरण्यापूर्वी चालू राजपत्राशी आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्यावे. समासात त्यासाठी कोरी जागा सोडली आहे. ज्या वर्षी जो बदल होईल तो तारखेसह तेथे लिहून ठेवावा, आणि परिशिष्टात छापलेला दुष्परिणाम कळवण्याचा नमुना वर्गात एकदा तरी प्रत्यक्ष भरून घ्यावा.